रिकाम्या हातांचा पाद्री

पेडण्याहून म्हापशाला जाणारी बस कोलवाळच्या पुलावर आली की मी मोबाइल बाजूला ठेवते. खाली शापोरा नदी, मागे आमचे पेडणे, पुढे बारदेश. कॉलेजमुळे तीन वर्षे हाच रस्ता. पुलापलीकडचे कोलवाळ माझ्यासाठी बराच काळ फक्त एक बसथांबा होता. त्या गावच्या घराण्यातला एक माणूस पणजीत मांडवीच्या काठावर ब्राँझचा होऊन उभा आहे, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कळले, आणि तेही मराठीच्या नव्हे, मानसशास्त्राच्या तासाला.

पुतळा तुम्ही पाहिलाच असेल. जुन्या सचिवालयाला, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्याला लागूनच आहे. लांब झग्यातला एक पाद्री पुढे झुकलाय, दोन्ही हात पसरलेले, आणि त्याच्यासमोर एक बाई मागे कोसळतेय. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो 1945 मध्ये घडवला. लहानपणी आईचा हात धरून त्याच्यासमोरून जाताना मला भीती वाटायची. त्या हातांतून काहीतरी निघतेय आणि बाईला पाडतेय असे स्पष्ट दिसायचे. अजूनही पर्यटक तिथे उभे राहून तसेच हात पसरून फोटो काढतात.

गंमत अशी, की या माणसाचे सगळे म्हणणे याच्या नेमके उलट होते. माझ्या हातात काही नाही, हे लोकांना पटवण्यातच त्याची शेवटची वर्षे गेली. शिल्प सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते पाहून फारिया कळत नाही.

त्याचे पूर्ण नाव जुझे कुस्तोदियो द फारिया. जन्म 31 मे 1756, आईच्या माहेरी, कांदोळीला. वडील कायतान व्हितोरिनो मूळचे कोलवाळचे. घराणे धर्मांतरापूर्वी सारस्वत ब्राह्मणांचे, आणि पुढे पॅरिसमध्येही हा पाद्री आपल्या ब्राह्मणी मुळाचा उल्लेख अभिमानाने करायचा. वडिलांचे आधी पाद्री व्हायचे चालले होते. ते अर्धवट सोडून त्यांनी रोझा मारिया द सौझा या श्रीमंत घरच्या एकुलत्या एका मुलीशी लग्न केले. लग्न टिकले नाही. दोघांनी चर्चची रीतसर परवानगी घेऊन वेगळे व्हायचे ठरवले. वडील पुन्हा पाद्री व्हायला गेले, आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. मुलगा वडिलांकडे राहिला. आज अशा घरातल्या मुलाला काउन्सेलरकडे पाठवतील. त्याला वडिलांनी लिस्बनला नेले.

1771 च्या फेब्रुवारीत बापलेक जहाजावर चढले आणि नोव्हेंबरात उतरले, म्हणजे प्रवासच नऊ महिन्यांचा. मुलगा पंधरा वर्षांचा. तेव्हा कोलवाळसमोरचा आमचा पेडणे महाल गोव्यात नव्हताच, तो सावंतवाडीच्या भोसल्यांचा होता. म्हणजे कोलवाळची नदी ही त्याच्या बालपणी सरहद्द होती. रोज ती ओलांडताना मला हे आठवते आणि जरा विचित्र वाटते.

लिस्बनहून राजाच्या मदतीने दोघे रोमला गेले. वडिलांना धर्मशास्त्राची डॉक्टरेट हवी होती, मुलाला पाद्री करायचे होते. दोन्ही झाले. मुलाला 1780 मध्ये पुरोहितपदाची दीक्षा मिळाली आणि पुढे डॉक्टरेटही. प्रबंध त्याने पोर्तुगालच्या राणीला अर्पण केला. पवित्र आत्म्यावरचे दुसरे लेखन पोप सहावे पायस यांना. पोपनी त्याला सिस्टीन चॅपेलमध्ये प्रवचनाला बोलावले असे सांगतात.

यानंतरची गोष्ट गोव्यात शाळकरी मुलांनाही माहीत असते, पण ती दंतकथेसारखी तोंडोतोंडी आलेली आहे हे लक्षात ठेवूनच ऐकावी. लिस्बनला परतल्यावर राणीने आपल्या चॅपेलमध्ये त्याला प्रवचन द्यायला सांगितले. तो पुल्पितावर चढला. समोर दरबार बसलेला. त्याची वाचाच बसली. खाली बसलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत सांगितले, की ही समोरची सगळी नुसती भाजी आहे, काप की भाजी. आणि जीभ सुटली. प्रवचन छान झाले. दरबारात दुसऱ्या कुणाला काही कळले नाही, कारण ती भाषा त्या दोघांचीच होती.

ही गोष्ट खरी असो वा रचलेली, ती त्याच्या नावाला का चिकटली ते कळते. चॅपेल तेच, श्रोते तेच, प्रवचन तेच. बदलले काय, तर एक वाक्य. त्या वाक्याने समोरच्या माणसांत काहीही फरक पडला नाही. फरक पडला तो ऐकणाऱ्याच्या आत. आमच्या पेपरच्या पहिल्याच धड्यात प्रयोगाची व्याख्या अशीच आहे: बाकी सगळे जसेच्या तसे ठेवायचे, एकच गोष्ट मुद्दाम बदलायची, आणि मग काय बदलते ते बघायचे. मुद्दाम बदलतो ती इंडिपेंडंट व्हेरिएबल, आणि तिच्यामुळे बदलते ती डिपेंडंट. व्याख्या पाठ करून मला तीन मार्क मिळाले होते, पण ती समजली या भाजीच्या गोष्टीमुळे.

1787 मध्ये गोव्यात पिंटोंचा उठाव झाला. एतद्देशीय पाद्र्यांना बढत्या मिळत नाहीत, गोऱ्यांना मिळतात, हा असंतोष त्यामागे होता. कट फुटला, पंधरा जणांना देहान्त शासन झाले, कित्येक पाद्र्यांना कैद करून लिस्बनला पाठवले. कटातले काही पाद्री आधी लिस्बनमध्ये फारिया बापलेकांच्या संगतीत होते, त्यामुळे संशय दोघांवरही आला. मुलगा 1788 मध्ये पॅरिसला गेला. याच वर्षी पेडणे महाल पोर्तुगीजांकडे आला. योगायोग, आणखी काही नाही.

पॅरिसमध्ये वर्षभरात क्रांती सुरू झाली. 5 ऑक्टोबर 1795 ला, राजाच्या बाजूच्या लोकांनी कन्व्हेन्शनवर चाल केली तेव्हा एका तुकडीचे नेतृत्व या गोव्याच्या पाद्र्याकडे होते. त्या दिवशी कन्व्हेन्शनच्या बाजूने तोफा डागणारा तरुण अधिकारी नेपोलियन होता. उठाव चिरडला गेला. यापुढची बरीच वर्षे मी भरभर सांगते, कारण माझे लक्ष दुसरीकडे आहे. 1811 मध्ये तो दक्षिण फ्रान्समध्ये तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला, मार्सेयच्या वैद्यक मंडळाचा सभासद झाला, आणि 1813 मध्ये पुन्हा पॅरिसला आला.

आता थोडे मागे जावे लागेल, कारण फारियाने ज्या प्रश्नाला हात घातला तो त्याच्या आधीच पॅरिसमध्ये गाजून गेला होता. व्हिएन्नाचा डॉक्टर फ्रान्झ मेस्मर 1778 मध्ये पॅरिसला आला. त्याचे म्हणणे असे, की विश्वात एक अदृश्य द्रव वाहतो, शरीरात तो अडला की आजार होतो, आणि आपण तो वळवून रोग बरा करू शकतो. लोखंडी सळया लावलेल्या मोठ्या लाकडी टबाभोवती रोगी बसायचे, मेस्मर हात फिरवायचा, कुणी रडायचे, कुणी झटके येऊन पडायचे, आणि बरेच जण बरे वाटतेय म्हणत घरी जायचे. सगळे शहर वेडे झाले.

1784 मध्ये राजाने चौकशी समिती नेमली. तीत अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, खगोलज्ञ बायी होते, आणि पुढे ज्याचे नाव शिरच्छेदाच्या यंत्राला मिळाले तो डॉक्टर गियोतँही होता. मेस्मरने सहकार्य नाकारले, पण त्याचा शिष्य देलाँ तयार झाला. फ्रँकलिन आजारी, म्हणून काही प्रयोग त्यांच्याच घरच्या बागेत झाले. देलाँने जर्दाळूचे एक झाड द्रवाने भारले. मग त्यानेच निवडलेल्या बारा वर्षांच्या मुलाला, डोळ्यांवर पट्टी बांधून, दुसऱ्याच झाडांकडे एकामागून एक नेले. पहिल्या झाडापाशी मुलाला घाम फुटला, दुसऱ्यापाशी डोके दुखू लागले, आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. ते झाड भारलेल्या झाडापासून चोवीस फूट लांब होते.

दुसरा प्रयोग पेल्यांचा. एका बाईला साधे पाण्याचे पेले दिले, त्यातल्या एकाला ती झटके येऊन कोसळली. सावरल्यावर तिला प्यायला पाणी दिले ते मात्र खरोखर भारलेल्या पेल्यातून. ते ती शांतपणे प्यायली.

वर्गात हे ऐकताना मागच्या बाकावरची मुलेसुद्धा गप्प झाली होती. आज औषधांच्या चाचण्यांत काही जणांना खरी गोळी आणि काही जणांना साखरेची देतात, कुणाला कुठली ते रोग्याला सांगत नाहीत. त्या पद्धतीची पणजी म्हणजे ही बाग. डोळ्यांवरची पट्टी ही नुसती कापडाची पट्टी नव्हती. रोग्याला काय माहीत आहे आणि त्याच्यावर खरोखर काय केले जात आहे, या दोन गोष्टी एरवी एकत्रच येतात. पट्टीने त्या वेगळ्या केल्या. समितीचा निष्कर्ष असा, की द्रव नाही, ही सगळी कल्पनाशक्तीची करामत. आणि फाइल बंद.

माझ्या मते फारियाचे मोठेपण इथून सुरू होते. समितीने कल्पनाशक्ती हा शब्द कचरा टाकल्यासारखा वापरला. द्रव नाही ना, मग उरले ते नुसते मनाचे खेळ, शहाण्यांनी त्यात वेळ घालवू नये. पण बारा वर्षांचा मुलगा नुसत्या समजुतीने बेशुद्ध पडतो, हे काही कमी आश्चर्य आहे का? नुसते मन म्हणजे नुसते काय? हा प्रश्न मेस्मरच्या चेल्यांना पडला नाही, कारण त्यांना द्रव हवा होता. समितीलाही पडला नाही, कारण तिला मेस्मर नको होता.

11 ऑगस्ट 1813 ला फारियाने पॅरिसच्या रू द क्लिशीवर, 49 नंबरच्या घरात, जाहीर वर्ग सुरू केले. दर गुरुवारी. प्रवेश पाच फ्रँक. आधी व्याख्यान, मग प्रात्यक्षिक. सत्तावन्न वर्षांचा सावळा पाद्री, उच्चार परके, समोर बहुतेक बायका. टब नाही, सळया नाहीत, झाड नाही, हातांच्या लहरी नाहीत. माणसाला आरामखुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेचाच विचार करायला सांगायचे, आणि तो शांत झाला की मोठ्या ठाम आवाजात झोपण्याची आज्ञा द्यायची. नाही जमले तर पुन्हा एकदा, दोनदा. तरीही नाही तर उघडा तळवा दाखवून नजर त्यावर खिळवायची, किंवा कपाळाला हलका स्पर्श करायचा. बस्स. काही जण झोपायचे, बरेच नाही झोपायचे, आणि जे नाही झोपले त्यांना तो तसेच जागेवर पाठवायचा.

झोपलेल्याला साधे पाणी देऊन ते मद्य आहे म्हटले तर त्याला मद्याचीच चव लागायची. जागे झाल्यावर हात उचलणार नाही असे आधीच सांगितले तर जागा झाल्यावरही हात उचलत नसे. या अवस्थेला त्याने दिलेल्या नावाचा अर्थ साधारण जागती झोप असा होतो. हिप्नॉटिझम हा शब्द त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1840 च्या दशकात, जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यवैद्याने रूढ केला.

आता पद्धत बघा. मेस्मरचे म्हणणे द्रव. त्याच्या नंतरच्या प्युइसेग्यूरचे म्हणणे, द्रवाबरोबर झोपवणाऱ्याची इच्छाशक्ती हवी. हा प्युइसेग्यूर फारियाच्या ओळखीचा, पुढे त्याने आपले पुस्तक यालाच अर्पण केले. तरीही फारियाने त्याचे म्हणणे तपासले. टब काढून टाकला, तरी झोप येते. हात फिरवणे काढून टाकले, तरी येते. मग इच्छाशक्तीही काढून टाकली. झोपवणाऱ्याने मनात काहीच इच्छा धरली नाही, तरी समोरचा झोपतो. त्याने मनातून उलटच इच्छा धरली, वर आज्ञा तेवढी दिली, तरीही झोपतो. म्हणजे जे कारण म्हणून सांगितले जाते ते एकेक करून वजा करायचे आणि परिणाम उरतो का ते बघायचे. उरला, तर ते कारण नव्हते. शेवटी काय उरले? खुर्चीतला माणूस, त्याची एकाग्रता, आणि त्याने खरी मानलेली एक सूचना. कारण देणाऱ्यात नाही, घेणाऱ्यात आहे.

हे बोलायला किती धैर्य लागले असेल याचा मी खूप विचार करते. पाच फ्रँक देऊन लोक त्याची शक्ती बघायला येत होते. त्याने नुसते गूढ हसून गप्प बसायचे होते. शहरभर आरत्या ओवाळल्या गेल्या असत्या. त्याऐवजी तो दर गुरुवारी सांगत बसला, की माझ्यात शक्ती नाही, हे कुणालाही जमेल. मॅग्नेटायझर ही पदवीसुद्धा त्याने टाकून दिली, आपण फक्त समोरच्याला एकाग्र करणारे, म्हणाला. असा तमाशा चालत नाही. मेस्मरवाले चिडले, कारण याने त्यांचा द्रव घालवला. विज्ञानवाले हसले, कारण हा झोपवतो म्हणजे मेस्मरवालाच. आणि त्याच्याच झग्यातले काही जण म्हणू लागले, की हे सैतानाचे काम. यातले शेवटचे मला जास्त टोचते. मी कॅथलिक घरातली आहे, लहानपणापासून जपमाळ हातात आहे. पाद्री माणसाने या गोष्टीला देवाचा चमत्कारही म्हटले नाही आणि सैतानाचे कपटही म्हटले नाही, माणसाच्या स्वभावात तिचे कारण शोधले. यात त्याची श्रद्धा कमी होती असे मला मुळीच वाटत नाही.

म्हणून त्याला निर्दोष ठरवायचे असेही नाही. परीक्षकाच्या नजरेने पाहिले तर त्याच्या कामात मोठी भोके आहेत. नियंत्रित गट नाही. किती झोपले, किती नाही, याचे नीट कोष्टक नाही. सगळे लोकांसमोर, आणि लोकांसमोर खुर्चीत बसलेल्या माणसाला आपल्याकडून काय अपेक्षा आहे ते पक्के ठाऊक असते. बाई खरोखर झोपली की पाद्रीबाबांची फजिती नको म्हणून डोळे मिटून बसली, हे ओळखणार कसे? शिवाय काही जणच का झोपतात याचे त्याचे उत्तर होते पातळ रक्त. ज्यांचे रक्त पातळ ते लवकर झोपतात म्हणे. इतरांची कारणे एकेक करून वजा करणाऱ्या माणसाने स्वतःच्या कारणाला मात्र ती कात्री लावली नाही. हे वाचताना मला वाईटही वाटले आणि थोडे हसूही आले, कारण आपण सगळेच असे असतो.

हे भोक हेरले ते एका नटाने. तो वर्गाला आला, खुर्चीत बसला, झोपल्याचे सोंग उत्तम वठवले, आणि मग डोळे उघडून सगळ्यांसमोर फारियाची टर उडवली. पाठोपाठ 1816 मध्ये व्हारियेते थिएटरात या झोपवण्याच्या वेडावर ज्यूल व्हेर्नेचा फार्स आला आणि फारिया पॅरिसच्या चेष्टेचा विषय झाला. वर्तमानपत्रे हसली. वर्ग ओस पडले. माझ्या वर्गमैत्रिणीला तो नट दुष्ट वाटतो. मला तसे वाटत नाही. त्याने नकळत का होईना, तो प्रयोग केला जो फारियाने स्वतः आधी करायला हवा होता: काही जणांना मुद्दाम सोंग करायला सांगायचे, आणि पाहणाऱ्याला ते ओळखता येते का ते बघायचे. विसाव्या शतकात संमोहनाच्या अभ्यासकांनी नेमके हेच केले, सोंग करणाऱ्यांचा वेगळा गटच ठेवला. फरक इतकाच, की त्या नटाला सोंग उघडे करून टाळ्या मिळवायच्या होत्या, पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. एकाने सोंग केले म्हणजे सगळेच सोंग, असे लोकांनी धरून चालले. हेही तर्काला धरून नाहीच.

आणखी एक फजिती आहे, ती शातोब्रियाँ या मोठ्या फ्रेंच लेखकाने आठवणींत लिहून ठेवलीय. एका मेजवानीत फारियाने आपण एका कॅनरी पक्ष्याला नुसत्या प्रभावाने मारू शकतो अशी फुशारकी मारली म्हणे, आणि पक्षी काही मेला नाही, उलट पाद्रीबाबांनाच पळता भुई थोडी झाली. शातोब्रियाँ तिखटमीठ लावणारा माणूस, तेव्हा जपून घ्यायचे. ही गोष्ट रू द क्लिशीच्या वर्गांच्या आधीची असावी असे मला वाटते. कारण पुढच्या फारियाला कळले असते, की कॅनरीला भाषा समजत नाही, सूचना पोचणार कुठे? त्याच्या सगळ्या आयुष्यात खरा नियंत्रित गट एकच भेटला, आणि तो पिंजऱ्यात होता!

इथे घरची एक गोष्ट सांगते. आमची व्हडलीमांय दिष्ट काढते. क्रॉसची खूण करून, ओठांत प्रार्थना पुटपुटत, मीठ आणि सुक्या मिरच्या डोक्यावरून ओवाळून चुलीत टाकते. ठसका आला नाही तर जबर दिष्ट होती, आता गेली. ठसका आला तर दिष्ट नव्हती, नुसता उन्हाचा त्रास. पेडण्यात शेजारच्या हिंदू घरातही हेच चालते, प्रार्थना तेवढी वेगळी. माझ्या धाकट्या बहिणीचे डोके याने थांबते, हे मी डोळ्यांनी पाहिलेय. तर पेपरची तयारी करताना माझ्या डोक्यात आले, की आपण हे करून बघू. एकदा बहिणीला कळू न देता दाराआडून दिष्ट काढायची. एकदा काढलीच नाही, पण काढली म्हणून सांगायचे. दोन पेल्यांच्या बाईसारखे. मी मोठ्या उत्साहाने व्हडलीमांयला योजना सांगितली.

तिने चुलीवरची चहाची भांडी उतरवली आणि मला विचारले, की पोरीचे डोके दुखतेय, त्यावर तुला उपाय करायचा आहे की मार्क मिळवायचे आहेत. आणि खोटे सांगून प्रार्थना करायला ती तयार नव्हती.

माझ्याकडे उत्तर नव्हते. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात शेवटच्या धड्यात नीतिनियम असतात: संमती, इजा न होणे, फसवले असेल तर नंतर खरे सांगणे. तो धडा परीक्षेला कमी मार्कांचा म्हणून आम्ही सोडून देतो. फ्रँकलिनच्या बागेतल्या त्या मुलाला शुद्धीवर आल्यावर कुणी समजावले का? त्याचे तर नावही राहिले नाही. व्हडलीमांयने दोन मिनिटांत तो धडा शिकवला. मी प्रयोग केला नाही. बहिणीचे डोके त्या दिवशी चहा पिऊन थांबले की दिष्ट काढून, ते सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकदमच झाले.

फारियाकडे परत जाऊ. वर्ग बंद पडल्यावर तो पॅरिसमधल्या मुलींच्या एका निवासी शाळेत चॅपलिन झाला. दिवसा प्रार्थना, बाकी वेळ लेखन. जागत्या झोपेच्या कारणावरचे हे पुस्तक चार खंडांचे व्हायचे होते. 1819 मध्ये पहिला खंड निघाला. 20 सप्टेंबर 1819 ला मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. वय त्रेसष्ट. मोंमार्त्रला पुरले, थडग्यावर नाव नाही. उरलेले खंड आलेच नाहीत.

पण त्याच्या वर्गाला येऊन गेलेले काही जण विसरले नव्हते. त्यातला नोआझे नावाचा लष्करी अधिकारी. त्याने लगेच 1820 मध्ये या विषयावर निबंध लिहिला. पुढे नॅन्सी शहरात लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेने उपचार करण्याची शाळाच उभी केली, आणि बर्नहाइमने सूचनेच्या सिद्धान्ताचे श्रेय फारियाला दिले. तरुण फ्रॉइड 1889 मध्ये या नॅन्सीला येऊन शिकून गेला. 1906 मध्ये दानियल जेलासियो दालगादो या गोव्याच्याच डॉक्टरने फारियाचे पुस्तक पॅरिसमध्ये पुन्हा छापून घेतले आणि त्याचे चरित्रही लिहिले. पुढे नोबेल मिळवणाऱ्या एगाश मोनिश या पोर्तुगीज डॉक्टरने 1925 मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले. मधल्या काळात अलेक्झांडर द्युमाने 1844 पासून छापलेल्या मॉन्टे क्रिस्टोच्या कादंबरीत फारियाचे नाव एका कैदी पाद्र्याला देऊन टाकले होते. तो कैदी इटालियन, भुयार खणणारा, खजिन्याचे गुपित जवळ असलेला. जगाला तोच फारिया माहीत आहे.

परवा परीक्षा संपल्यावर बहिणीला घेऊन पणजीला गेले होते. पुतळ्यासमोर एक कुटुंब फोटो काढत होते, बाप हात पसरून उभा, मुलगी मागे पडल्यासारखे करतेय आणि हसू आवरत नाहीये. बहिणीने विचारले, हा कोण. मी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून तिला म्हटले, आधी पुतळ्याकडे नीट बघून सांग, जोर कुणाकडे आहे. तिने बराच वेळ पाद्र्याच्या हातांकडे पाहिले, मग त्या बाईकडे. मग म्हणाली की बाई स्वतःच पडतेय, त्याने तर तिला हातही लावलेला नाही. मी पुन्हा पाहिले. खरेच, मधे मोकळी हवा आहे. कामतांनी ती जागा ठेवली होती, माझ्याच डोळ्यांवर पट्टी होती. म्हापशाला जाणारी बस लागली होती, आम्ही पळालो.